पाठमोरी होडी

आडबंदरात होडी किनाऱ्याला लागत असली की वाळूवरचा माणूस हात खिशात घालून उभा राहत नाही. होडी कुणाची, मालकाशी आपलं बोलणं आहे की गेल्या शिमग्यापासून भांडण आहे, हे त्या वेळी बघायचं नसतं. धावायचं, लाटेत शिरायचं, होडीला हात लावायचा आणि सगळ्यांबरोबर हेऽऽ करून ती वर ओढायची. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या सांभाळत होडी ओढणारा नवरामुलगा त्या गावात फोटोत बघायला मिळेल. एकदा एक तहसीलदार बिचारा नुसता बघत उभा राहिला, तर त्याची गोष्ट तिथं अजून सांगतात, आणि काही बऱ्या शब्दांत सांगत नाहीत.

अशा गावात शलाका कोयंडे परकरीण घेऊन आली.

परकरीण हे नाव गावानं ठेवलं. सरकारी नाव होतं तटदूत, ते कागदावरच राहिलं. बसक्या, रुंद, राखाडी धुडाभोवती काळ्या रबराची फुगलेली झालर, आणि ती घुमवत घुमवत हे धूड पाण्यावरून थेट वाळूवर चढलं, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "बघा गो, परकर नेसान इली!" झालं, बारसं तिथंच उरकलं.

हॉवरक्राफ्ट ही काही नवी चीज नव्हे. मोठ्या पंख्यांनी खाली हवा कोंबायची, झालरीनं ती अडवून धरायची, की सगळं यान हवेच्या गादीवर उचललं जातं. मग खाली पाणी असो, चिखल असो की वाळू, त्याला सगळं सारखंच. बंदर नको, धक्का नको, भरती-ओहोटीची वाट बघणं नको. अडचण एकच होती. झालरीखालून हवा इतकी निसटायची की इंधन पाण्यासारखं जायचं. नव्या यानाच्या झालरीला रबराची शेकडो सुटी बोटं होती आणि प्रत्येक बोट खालचा दगडगोटा चाचपून आपापलं वरखाली व्हायचं. हवा निसटेनाशी झाली, काम विजेवर भागायला लागलं, आणि मग यानात माणूस बसवायचीही गरज उरली नाही. समुद्रात उभ्या जहाजावरून पॅलेटं चढवायची, म्हणजे लाकडी फळ्यांच्या बसक्या पाटांवर रचून बांधलेला माल. यान किनाऱ्यावर येतं, बसतं, दार पाडतं, तळातले रूळ फिरतात, आणि त्या गावची पॅलेटं घरंगळत वाळूवर उतरतात. तुमचा चहा गार व्हायच्या आत यान परत समुद्रात गेलेलं असतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी दोरी बांधून गावाला वर सुरूच्या झाडांत उभं केलं होतं. शलाकाचा बाप सहदेव कोयंडे दोरीशी चुळबुळ करत होता. गावच्या रापणीचा, म्हणजे सगळ्या गावानं मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा तो म्होरक्या. त्याची हाक डोंगरापलीकडे ऐकू जायची.

"होडी कडेक लागतली आनि आमी हात बांधून उभे ऱ्हवाचे?" तो लेकीवर उखडला. "माका जमाचा नाय ह्या."

"बाबा, ती आपली आपण वर येते. हात लावायला गेलं तर हात जाईल."

यान बंद झाल्यावर तो त्याच्याभोवती दोनदा फिरला, आत डोकावला, होडी हाकणारा कुणी दिसेना म्हणून विचारलं, "तांडेल खंय?"

"मीच तांडेल. पण एरवी मी रत्नागिरीत बसून चालवतंय. पडद्यावर बघून."

"होडयेत नाय तो तांडेल कसलो गो?" सहदेव हसला. त्याला ती थट्टाच वाटली. त्या दिवसापासून तो गावभर सांगायला लागला, की आमची शलू परकरणीच्या पोटात बसते, बाहेरून दिसत नाही एवढंच. शलाकानं एकदोनदा दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं. बापाच्या कौतुकाला कशाला नख लावायचं, असं तिला वाटलं.

ह्या यानात एक नियम होता आणि तो शलाकाचाच होता. यानावर असा रडार होता, की उडत्या वाळूतूनसुद्धा त्याला माणसाचा श्वास आणि काळजाची धडधड कळायची. उतरायच्या पट्ट्यात एक जरी माणूस असला तरी यान थांबायचं. पूर्वी हा नियम बाजूला सारायची कळ चालकाकडे होती. मग दुसऱ्या एका गावात चाचणीच्या वेळी एक म्हातारा सवयीनं हात लावायला धावला. वरून फोन येत होते, पाहुणे खोळंबले होते, चालकानं कळ दाबली. म्हातारा झालरीखाली गेला. चौकशीत शलाका ठाम बोलली होती. "आमच्या किनाऱ्यावरची माणसं हात लावायला धावणारच, त्यांचा जन्म त्यात गेलाय. म्हणून कळच ठेवू नका. माणसाच्या हातात कळ असली की तो विरघळतो, आणि कधी ना कधी ती दाबतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. कळ काढून टाकली, आणि नियम यानाच्या यंत्रातच असा पुरला की रत्नागिरीच्या केंद्रातून कुणालाही तो हलवता येऊ नये.

पोरीनं शहाणपणाचंच केलं होतं हो. आजही कुणी विचारलं तर मी तेच म्हणेन.

वादळ पावसाळ्याच्या तोंडावर आलं आणि रात्रीत निघून गेलं. सकाळी किनारपट्टीचा रस्ता जागोजागी तुटलेला होता, आडबंदरच्या खाडीवरचा पूल वाहून गेला होता, वीज नव्हती, फोनचे टॉवर आडवे पडले होते. हेलिकॉप्टरं होती तेवढी बुडत्या माणसांना उचलण्यात गुंतली होती. आडबंदरला पोचू शकेल असं एकच काही होतं, आणि ते शलाकाच्या पडद्यावर होतं.

तिची आई गुणवंती दोन वर्षं आजारी होती. फुप्फुसं आखडत चालली होती. हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं मशीन खाटेशेजारी दिवसरात्र घरघरत असायचं, त्याची नळी नाकाला लावून ती भाजीसुद्धा चिरायची. वीज गेली की एक सिलिंडर राखीव. वीज काल दुपारपासूनच गेलेली. तो सिलिंडर फार तर आज संध्याकाळपर्यंत पुरेल, हे शलाकाला ठाऊक होतं. जहाजावरच्या माणसाला फोन करून तिनं आडबंदरच्या पॅलेटावर सगळ्यात वर सिलिंडर बांधून घेतले होते. पुन्हा पुन्हा विचारलं होतं, नीट बांधलेत ना, घसरणार नाहीत ना.

"अगं, त्यानं बांधलेत म्हणजे बांधलेत," शेजारच्या खुर्चीवरून निसारभाई म्हणाले. निसार मुकादम तिचे वरिष्ठ, मूळचे खाडीकाठचेच. "अर्ध्या तासात तुझ्या आईच्या उशाशी असतील. चहा घे."

चहा तिनं घेतला नाही. पडद्यावर आडबंदरचं ओळखीचं वळण आलं. दोन्ही बाजूंना काळे खडक आणि मधे वाळूचा एवढासा तुकडा. माड मोडलेले होते, शाळेचे पत्रे गेले होते. वाळूवर कुणी नव्हतं, आणि शलाकानं सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात कुणीतरी यान पाहिलं.

आवाज पडद्यावर येत नव्हता, पण बापाची हाक तिला कानाशी आल्यासारखी वाटली. सहदेव शाळेच्या पायऱ्यांवर आला, तोंडाशी हात धरले, आणि गाव धावत सुटलं. बाप्ये, बायका, कपाळाला फडकं बांधलेला एक जण लंगडत लंगडत. रात्रभर मरणाच्या दारात बसलेली माणसं, पण होडी लागत होती ना! आली सगळी, कमरेएवढ्या पाण्यात शिरली, हात पुढं करून उभी राहिली. पडद्यावर पिवळे ठिपके उमटत गेले. एक ठिपका म्हणजे एक धडधडतं काळीज. पट्टा पिवळा झाला आणि यान थांबलं.

"अरे, मागे व्हा," शलाका पुटपुटली. "बाबा, मागे घ्या त्यांना."

यानाच्या भोंग्यावर एक ध्वनिमुद्रित सूचना होती, शुद्ध मराठीत, कृपया सुरक्षित अंतर राखावे. पंख्यांच्या आणि लाटांच्या गर्जनेत तिचा काय पाड? एरवी सूचना गावातल्या फोनवर जायची. फोन मुके होते.

यान मागे सरलं, तशी माणसं पुढं सरली. त्यांना वाटलं, लाट जोराची आहे, होडीला आत येता येत नाही. सहदेव गळ्याएवढ्या पाण्यात गेला. हात हलवून तो मागच्यांना आणखी बोलवत होता.

शलाकानं यान वळवलं, खडकाशी दुसऱ्या टोकाला नेलं. गाव वाळूवरून तिकडं धावलं. तिनं परत पहिल्या टोकाला आणलं. गाव परत आलं. एक म्हातारी पडली, उठली, पुन्हा धावली. त्यांचा उत्साह बघवत नव्हता. जितका त्यांनी जीव लावावा तितकं हे धूड लांब जात होतं, आणि शलाकाला स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या त्या नियमाचा संताप आला, स्वतःचा आला, देवाचाही आला.

"पाण्यातच पॅलेट सोडूया," ती म्हणाली.

"बसल्याशिवाय दार उघडत नाही, तुला माहितीय," निसारभाई म्हणाले. "आणि उघडलं तरी लाट ते सगळं उचलून खडकावर आपटेल. लोकांच्या अंगावर."

"मग नियम काढा! कुणाला तरी फोन करा!"

फोन करायला कुणी उरलेलं नव्हतं. ते तिनंच पाहिलं होतं, की उरू नये.

"शलाका, बॅटरी बघ. आणखी एक खेप मारता येईल, फार तर. मग पुढच्या वाडीत जायलाच हवं. तिथलाही माल ह्यातच आहे, आणि तिथंही माणसं आहेत."

शलाकानं डोळे मिटले. वाळूवरून गाव हटवायचं कसं? आडबंदरचा माणूस होडी येताना बघून मागे फिरतो असं कधी झालंय का?

झालंय. ती पाच-सहा वर्षांची असताना पाहिलेलं तिला आठवलं. समुद्रावर कुणी दगावलं, आणि त्याला घेऊन होडी परत येत असली, की डोलकाठी आडवी करतात आणि होडी उलटी वळवतात. ती पाठमोरी किनाऱ्याला येते. तशी होडी दिसली की गाव ओरडत नाही, धावत नाही. सगळे मुकाट वर सुरूंत जातात आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहतात. त्या होडीला परक्यानं हात लावायचा नसतो. फक्त ज्याच्या घरचं माणूस असेल तो एकटा खाली उतरतो.

तिनं भराभर विचार केला. वादळाच्या आधी गावातल्या सगळ्या होड्या वर ओढलेल्या होत्या, आत्ताही त्या माडांत दिसत होत्या. समुद्रावर गावातलं कुणीसुद्धा नव्हतं. म्हणजे कुणाच्या घरचं माणूस असायचा प्रश्नच नव्हता. कुणी उतरणार नव्हतं.

"निसारभाई, मागचं दार चालतं ना?"

"दोन्ही दारं चालतात. का?"

यान तिनं लांब समुद्रात नेलं. जहाजाच्या पोटात शिरताना आडवा करायचा एक खांब यानावर होता, दिव्याचा आणि कॅमेऱ्याचा. तो तिनं आडवा केला. यान जागच्या जागी गरकन फिरवलं आणि पाठमोरं, अगदी हळू, किनाऱ्याकडे सोडलं.

"हे काय करतेस?" निसारभाई उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. मग त्यांना कळलं. खाडीकाठचेच ते. "या अल्ला," एवढंच ते म्हणाले.

पाण्यातली माणसं थबकली. पुढं केलेले हात खाली आले. कुणीतरी डोक्यावरचं फडकं काढलं. मग पुढच्या रांगेतली एक बाई वळली, तिच्या मागून दुसरी, आणि गाव पाण्यातून बाहेर पडून वाळू चढायला लागलं. पिवळे ठिपके पट्ट्यातून निघून जाऊ लागले. सुरूंच्या सावलीत माणसांची रांग लागली, सगळ्यांच्या पाठी समुद्राकडे. पट्टा मोकळा झाला. पडद्याची कड हिरवी झाली.

"आलं," शलाका म्हणाली. "आलं, निसारभाई, आलं."

यान लाटेवरून पुढं सरकत होतं. वाळू आता हाकेच्या अंतरावर होती. मग कडेचा हिरवा रंग गेला.

पट्ट्यात एक पिवळा ठिपका होता.

सहदेव कोयंडे पाण्याच्या कडेला उभा होता. एकटा. अंगातला सदरा काढून त्यानं दोन्ही हातांवर उलगडून धरला होता, घरच्या माणसाला झाकायला धरतात तसा. परकरणीच्या पोटात कोण बसतं, हे त्यानंच तर गावाला सांगितलं होतं. होडी पाठमोरी आली होती, डोलकाठी आडवी होती, आणि त्या होडीचा तांडेल त्याची लेक होती. दुसऱ्या कुणाचं माणूस असणार?

"नाही," शलाका म्हणाली. "बाबा, नाही. मी नाही. मी इथं आहे."

ती पडद्यावर थापा मारायला लागली. निसारभाईंनी तिचे हात धरले. पडद्यावर तो ठिपका फडफडत होता, फार जोरात. यंत्राला त्या काळजाचा प्रत्येक ठोका कळत होता. तो कशासाठी पडतोय एवढं सोडून सगळं कळत होतं. यान थांबलेलं होतं. सहदेव पाण्यात शिरला. घाई न करता, पावलापावलानं येत होता. तो पुढं आला तेवढं यान मागे सरलं. तो आणखी पुढं आला. त्याचं तोंड उघडंमिटं होत होतं. काय म्हणत होता ते कळायला मार्ग नव्हता, आणि शलाकाला ते नेमकं कळत होतं. तो तिला नावानं हाक मारत होता.

खांब तिनं पुन्हा उभा केला. यान वळवून सरळ केलं. पण एकदा आलेला मरणाचा निरोप कुणी परत घेत नाही, तशी रीतच नव्हती. सहदेव तसाच उभा होता, सदरा पुढं धरून, छातीएवढ्या पाण्यात.

बॅटरीची सूचना लागली. त्यापुढं यानानं कुणाचं ऐकायचं नसतं. ते आपलं आपण वळलं आणि खडकाआड गेलं.

खाडीपलीकडच्या वाडीची वाळू रिकामी होती. तिथली माणसं वादळात डोंगरावर पळाली होती. यान वाळूवर चढलं, बसलं, दार पडलं, रूळ फिरले. कुठंही काही अडलं नाही. माल परत जहाजावर नेण्याइतकी बॅटरी उरली नसल्यानं आडबंदरची पॅलेटंही त्यानं तिथंच उतरवली. सगळ्यात वर बांधलेले सिलिंडर जरासुद्धा हलले नव्हते. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, माल पोचला. मधे पूल नसलेली खाडी होती आणि ती दुथडी भरून वाहत होती.

संध्याकाळ होईपर्यंत शलाका त्या खुर्चीतून उठली नाही. बाहेर उजेड कमी होत गेला तशी ती खिडकीकडे बघत राहिली. निसारभाईंनी दिवा लावला, तर ती म्हणाली, नका लावू. मग तिनं हुंदका दिला आणि लहान मुलीसारखी भोकाड पसरून रडली.

आडबंदरला फोन लागला तो तिसऱ्या दिवशी. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मग कुणीतरी उचलला.

"बाबा," शलाका म्हणाली.

पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"बाबा, मी शलू."

"शलू?" सहदेवाचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "तू जिती हस?"

"हंय बाबा. माका कायएक झाला नाय. मी होडयेत नव्हतंय. मी तुमका सांगी होतंय ना, मी हय बसान चालवतंय."

"सांगी होतस," तो म्हणाला. मग तो रडायला लागला. म्हातारा माणूस रडतो तसा, मधे मधे थांबून. शलाकानं त्याला रडू दिलं. पुढचा प्रश्न विचारायची तिची हिंमत होत नव्हती, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"आये?"

"त्याच राती गेली गो. सकाळी नेलंव."

खिडकीबाहेर रस्त्यावर कुणीतरी मोडलेल्या फांद्या ओढत नेत होतं.

"तिका... माझ्याबद्दल सांगितलास?"

"नाय." सहदेवानं नाक ओढलं. "पाण्यातसून वर इलंय तर विचारूक लागली, शलूची होडी इली काय. मी म्हटलंय, इली. कडेक लागली? म्हटलंय, लागली गो, आमी सगळ्यांनी हात लावन वर ओढली. हसली ती. आनि माका म्हणाली, पोरगी उपाशी आसतली, तिका आधी जेवूक वाढ."